टेकडीला हात हवेत

२ सप्टेंबर, रविवार

"मागून ये, पण बोलू नकोस." मी सात वर्षांची असताना दादा मला म्हणाला होता. तो पंधराचा. आज टेकडी चढताना का कोण जाणे आठवलं. तेव्हापासून मी त्याच्या मागून जातेच आहे. बोलण्याचं मात्र त्याने मनापासून म्हटलं नसावं. आजही फाटकापासून माथ्यापर्यंत मी बोलत होते आणि त्याने फक्त एकदा, टिटवे, श्वास घे, एवढंच म्हटलं. माझ्या तब्येतीची त्याला काळजी आहे.

टेकडीबद्दल नीट लिहून ठेवायला हवं. वहिनी गेली त्या वर्षी दादा नुसता बसून असायचा. लिफ्ट दुरुस्तीचं काम. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात उभा आणि संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत बसलेला, दिवा लावायचं सुचायचं नाही. मग एका रविवारी कुदळ घेऊन इथे आला. जमीन मालकीणबाईंची, वरच्या अंगाला त्यांच्या गायी चरतात. परवानगी दिली तीही तोंडी, फाटकाशी उभ्या राहून. इतक्या वर्षांत दादाने जवळजवळ एकट्याने सायकलची वाट काढली. माझ्यासारखी बाईसुद्धा तिच्यावरून न पडता उतरते. (पडले आहे, पण तेव्हा मधमाशी होती.)

दादाचे नियम: फाटक आपल्यामागे लावायचं. आधी खणायचं, मग चालवायची. पाऊस झाला असेल तर मातीत टाच दाबून बघायची. माती बुटाला चिकटली तर सायकल गाडीवरून न उतरवता घरी परत.

आज माती कोरडी होती. दादाने चर साफ केले. वाटेवर ठिकठिकाणी तिरके चर आहेत, त्यांतून पावसाचं पाणी बाजूला उतरतं. ते बुजले की पाणी वाटेवरूनच धावतं आणि वाट घेऊन जातं. दादाची पाठ धरली होती. कामावरचे दोघे लिफ्टवाले मदतीला येतात, पण आलटूनपालटून. मी म्हटलं, तुला अजून हात हवेत. तो म्हणाला, हातांबरोबर चाकंही येतात.

पहिल्यापासून निराशावादी. मी काहीतरी करणार आहे.

४ सप्टेंबर, मंगळवार. रात्री

हॉस्पिटलच्या चौकशी काउंटरवर बसून इतकी वर्षं मी लोकांना रस्ता सांगते आहे. एक्स-रे डावीकडे. रक्त तळमजला. हाडं दुसरा मजला. रस्ता सांगितल्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. न सांगितल्याने मात्र लोक जिन्यात बसून रडतात, हे मी पाहिलंय.

जेवणाच्या सुट्टीत सायकलवाल्यांच्या ॲपवर पोस्ट टाकली. मथळा: 'टेकडीला हात हवेत'. फोटो टाकले, त्यात दादाने दगडांचा बांध घालून केलेलं वळणही. लिहिलं की वाट इतकी सोपी की माझ्यासारखी बाई पण उतरते. नकाशावरची पिन बरोबर फाटकावर ठेवली, उगाच कुणी चुकायला नको. शेवटची ओळ: येताना कुदळ आणा.

कन्येने वाचलं. म्हणाली, आई, शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. मी समजावलं की शेवटचंच माणसाच्या लक्षात राहतं. तिने फक्त हेडफोन लावले. सतराव्या वर्षी समाजकार्याची जाण नसते. येईल.

दादाला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

६ सप्टेंबर, गुरुवार

पोस्टला लाल बदामच बदाम. स्वयंपाक करताना फोन सारखा टिंग टिंग. नवरा म्हणाला, तुझं लग्न ठरलंय का पुन्हा?

एक गृहस्थ फार उत्साही. प्रत्येक फोटोत हेल्मेट घातलेलं, केक कापतानासुद्धा. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. त्याने लिहिलं, 'स्वर्ग!! ताई, पार्किंग आहे का?' कळवलं, रस्त्याकडेला पुष्कळ जागा आहे.

कुदळीबद्दल एकानेही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांकडे असणार.

९ सप्टेंबर, रविवार

यश!

आम्ही पोचलो तर फाटकाशी गाड्यांची रांग. दादाने गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. भारावला होता. मी म्हटलं, सरप्राइज. फाटक उघडं होतं, ते त्याने उतरून लावलं.

सगळे किती छान लोक. ताई ताई करत होते. कुदळी आणल्या नव्हत्या, पहिली वेळ म्हणून मी काही म्हटलं नाही. एकाने घडीची खुर्ची आणली होती. दादा नेहमीप्रमाणे आधी खणायला लागला तर ते त्याच्या दोन्ही बाजूंनी सायकली काढून खाली जायचे आणि जाताना ओरडायचे, ग्रेट, काका! कॅप्टनने त्याचं खणतानाचं शूटिंग केलं. दादाने टोपी खाली ओढली. लाजाळू.

संध्याकाळी कॅप्टनचा व्हिडिओ आला. नाव: 'गुप्त टेकडी'. गुप्त म्हटल्यावर फार लोक बघतात म्हणे. माझ्या पोस्टपेक्षा जास्त बघितला गेला. हरकत नाही, हेतू एकच आहे.

संकल्प: पुढच्या रविवारी कुदळीचा विषय प्रेमाने पण ठामपणे काढायचा.

१२ सप्टेंबर, बुधवार

दादाचा फोन. दादा फोन करत नाही, त्यामुळे मी आधी घाबरलेच. म्हणाला, ते काढून टाक. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, टिटवे, काढ ते. मी समजावलं की इतक्या लोकांनी बदाम दिल्यावर काढणं हा त्यांचा अपमान. थोडे दिवस दे, हेच लोक खणताना दिसतील तुला. मग पलीकडे लिफ्टची घंटा वाजली आणि त्याने फोन ठेवला.

मध्यम मार्ग काढला. पोस्ट ठेवली, दादा दिसतो तो फोटो काढून टाकला. मथळ्यापुढे कंसात 'कृपया जपून' घातलं.

१६ सप्टेंबर, रविवार

शुक्रवार-शनिवार पाऊस. दादाने फाटकाशी टाच दाबली. माती बुटाला अशी चिकटली की बूटच राहिला खाली. तो परत गाडीत बसला. मी म्हटलं, आलेल्या लोकांना सांगून तरी येते.

आलेले लोक आधीच वर होते. नियम सांगितला. एकजण म्हणाला, ताई, आम्ही पहाटे निघालोय, एवढं पेट्रोल जाळून टाच दाबायला आलो का? त्याचंही बरोबर. पोस्टमध्ये मी टाचेचं लिहिलं नव्हतं. लांबी वाढत होती.

चिखल झाला तिथे लोक बाजूच्या गवतातून जातात. मग तिथेही चिखल होतो, म्हणून त्याच्याही बाजूने. एका वाटेच्या जागी तीन झाल्या आहेत. दादाला सांगितलं की वाट रुंद होतेय, आता तुला वळताना त्रास नाही. त्याने काच वर केली.

आज एकाने मात्र खरंच फावडं आणलं होतं! मला भरून आलं. फोटो काढला. दिवसभर राबला बिचारा. घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहिला. त्याने वळणाआधीचा चर बुजवून त्यावर उडी मारायला उंचवटा केलाय. पण कष्ट तर केले.

१९ सप्टेंबर, बुधवार. रात्री

हे लिहावं की नाही.

अकराच्या सुमाराला एक नवरा-बायको आले. तो हात असा धरून होता, जशी दुसऱ्याची महाग वस्तू सांभाळतोय. गळ्याजवळचं हाड शर्टाखालून वर आलेलं. विटकरी चिखल कानापर्यंत वाळलेला. ती माती मी कुठेही ओळखेन.

बायकोच्या हातात हेल्मेट होतं. विचारायच्या आधीच बोलायला लागली. रजा टाकून गेले होते म्हणे, आज गर्दी नसते म्हणून. कुठल्याशा उंचवट्यावरून उडाले ते सरळ दगडांवर. म्हणाली, नेटवर कुणा बाईने टाकलंय, माझ्यासारखी बाई पण उतरते म्हणून. त्या बाईला एकदा भेटायचंय मला.

मी म्हटलं, हाडं दुसरा मजला. लिफ्टने जा. उजवीकडे वळा.

थँक्यू म्हणाली. लोक मला थँक्यू म्हणतात.

काउंटरवर खासगी बोलायची परवानगी नाही. तसा नियमच आहे. शिवाय उंचवटा मी केलेला नाही. घरी आल्यावर 'माझ्यासारखी बाई पण' एवढे शब्द काढले. नवऱ्याला सांगणार होते, पण तो जेवत होता.

२३ सप्टेंबर, रविवार

माहितीचा अभाव हेच सगळ्याचं मूळ. म्हणून हॉस्पिटलच्या स्टेशनरीवाल्याकडून फळा करून घेतला. प्लायवुड, वर लॅमिनेशन. 'ओल्या मातीत सायकल चालवू नये. चर बुजवू नयेत. फाटक लावावे.' फाटकाशी ठोकला. दादा उंचवटा फोडून चर मोकळा करत होता. त्याने मान वर करून बघितलंही नाही.

दुपारी फळा जागेवर नव्हता. खालच्या डबक्यावर आडवा टाकलेला सापडला, वरून सायकली जात होत्या. अक्षरं अजून वाचता येतात. कुणाचा तरी चिखल वाचला, म्हणजे उपयोग झालाच की.

३० सप्टेंबर, रविवार

मोटारसायकली पण आल्या. व्याप्ती वाढते आहे. चढावर मागचं चाक फिरतं तेव्हा माती कारंज्यासारखी उडते. गायी खालच्या कुंपणाला चिकटून उभ्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून.

मालकीणबाई स्वतः वर आल्या. हातात काठी, गमबूट. दादाकडेच गेल्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही चौघं म्हणाला होतात. दादा बुटांकडे बघत राहिला. एवढा उंच माणूस, पण मला तो शाळेतला वाटला.

मी पुढे होऊन लोकसहभागाबद्दल सांगायला लागले. बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण. बाई म्हणाल्या, बहीण होय. आणि पुढे काही विचारलं नाही. समजूतदार आहेत.

जाताना दादाला एवढंच म्हणाल्या, बाकीचं राहू द्या, निदान फाटक तेवढं सांभाळा. खाली हमरस्ता आहे. माझी एक गाय गाभण आहे, ती उताराला जाते.

दादा म्हणाला, सांभाळतो. दिवस मावळेपर्यंत तो फाटकाशीच बसून होता. प्रत्येक गाडीमागे उठायचा आणि लावायचा. आज त्याने ना खणलं ना सायकल काढली.

येताना गाडीत मी त्याला माझी योजना सांगितली. ग्रुप काढायचा, मतदान घ्यायचं, देखभालीचा दिवस ठरवायचा. तो म्हणाला, तुझी कॉलनी आली, उतर.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्रुप जोरात. नाव 'टेकडीमित्र'. या रविवारी खणायला कोण येणार, असं मत मागवलं. अंगठेच अंगठे! कॅप्टनने तर फुगवलेल्या दंडाचं चित्र टाकलं. एवढ्या माणसांना कुदळी पुरायच्या नाहीत म्हणून कन्येला म्हटलं, शेजाऱ्यांकडे विचारून ये. ती म्हणाली, आई, अंगठा म्हणजे वाचलं. येतो नव्हे.

हल्लीच्या मुलांचा कशावरच विश्वास नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

देखभाल दिवस. उपस्थिती: दादा, दोघे लिफ्टवाले, मी.

आणखी एक जोडपं आलं. त्यांनी कुदळ हातात घेऊन फोटो काढला, कुदळ परत दिली आणि सायकली घेऊन वर गेले.

थोरला लिफ्टवाला मला म्हणाला, ताई, रागावू नका, पण आमच्यात एक लिफ्ट दुरुस्त करायला बारा जण बोलवत नाहीत. चढायलाच बोलवतात. धाकटा हसला. दादा हसला नाही. मला वाटतं तो हसला असता तर बरं झालं असतं.

सुरुवात छोटीच असते. ग्रुपवर आभार मानले. लगेच अंगठे.

१० ऑक्टोबर, बुधवार

पोस्ट काढली.

कुणाच्या दबावाखाली नाही. तिचं काम झालं असं मला वाटलं. दादाला मेसेज केला: काढली. त्याने वाचला.

मग ॲपवर शोधून पाहिलं. टेकडी अजून आहेच. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लोकांच्या पानांवर, पिन तीच, फाटकावरची. एका ठिकाणी 'शहराजवळच्या दहा भन्नाट जागा' यात तिसरी. कॅप्टनला विनंती केली, तुमचा व्हिडिओ काढून टाकाल का? लगेच उत्तर: 'ताई, टेन्शन नका घेऊ. तुमची पोस्ट उडाली तरी माझ्याकडे सगळं सेव्ह आहे.'

ॲपवाल्यांना कळवलं. तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे, असं आलं. त्यानंतर काही नाही.

म्हणजे आता ते माझं राहिलेलंच नाही. त्यामुळे जबाबदारीही तशी वाटली गेली. असं पाहिलं तर.

१४ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस पाऊस. दादा फोन उचलेना म्हणून एकटीच रिक्षाने गेले. तो आधीच तिथे होता.

वळण गेलं. उंचवटा दादाने फोडला की कुणीतरी पुन्हा घालतं, तसा तो या आठवड्यातही घातला होता. चर बुजलेला, पाणी सरळ वाटेवरून आलं आणि बांधाचे दगड खाली घेऊन गेलं. वहिनी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षातलं ते काम. दगड कुठून कुठून आणायचा तो, लिफ्टच्या पट्ट्याने पाठीवर बांधून. एक बसला नाही तर बाजूला ठेवून दुसरा शोधायचा. मी तेव्हा म्हणायचे, वेड लागेल तुला. आणि नवरा म्हणाला होता, उलट उतरतंय त्याचं.

आज दादा त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, पुन्हा बांधू, मी आहे ना. तो म्हणाला, हो, तू आहेस.

मला ते चांगल्या अर्थाने घ्यायचं होतं. रिक्षात बसेपर्यंत घेतलंही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

गाय गेली.

कालची गोष्ट. दुपारी काही जण आले, जाताना फाटक उघडं. गाभण होती तीच, उताराने रस्त्यावर आली. ट्रक. ड्रायव्हरला फारसं लागलं नाही. बाईंकडे फक्त दादाचा नंबर, म्हणून त्याला फोन. कुठल्यातरी इमारतीतली लिफ्ट अर्धी उघडी टाकून तो धावला.

मी ड्युटी संपल्यावर गेले. गाय रस्त्याच्या कडेला ओढून ठेवली होती, दादाच्या दोराने. गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते. वासरू वाचेल का म्हणून पोट उघडून पाहिलं होतं. नव्हतं वाचलं. दादाचे हात कोपरापर्यंत. तो ते पुसत नव्हता, नुसते अंगापासून लांब धरून उभा होता.

बाई ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्या दादाला म्हणाल्या, भाऊ, हात धुवा, आत साबण आहे. तो आत गेल्यावर गायीच्या कानाला हात लावून बसल्या. मला म्हणाल्या, हिची आई पण माझ्याकडेच होती.

मी म्हटलं, फाटकाबद्दल फळ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

का म्हटलं असेन.

२१ ऑक्टोबर, रविवार

फाटकाला साखळी आणि कुलूप. बाईंचं म्हणणं, टेकडी होती तशी करून द्या. वाट दिसली की कुंपण तोडून येतील. दादा हो म्हणाला. त्याने एवढीशीही मुदत मागितली नाही.

ग्रुपवर कळवलं, टेकडी तात्पुरती बंद आहे. तात्पुरती हा शब्द मी घातला. सगळ्यांना फार वाईट वाटलं, रडक्या चेहऱ्यांची रांग. नंतर कॅप्टनने विचारलं, ताई, अजून अशी एखादी जागा? तुम्हाला माहीत असतात.

२८ ऑक्टोबर, रविवार

गेले होते. दादाला आत जायला ना नाही, बाईंनी कुलूप उघडून दिलं, काम होईपर्यंत. लिफ्टवाले दोघे वरच्या अंगाला काटेरी फांद्या आडव्या टाकत होते. दादा खालून सुरुवात करून वर येत होता. माती सैल करायची, उतार पहिल्यासारखा करायचा, गवताचं बी, वर पालापाचोळा. उरलेला बांध त्याने स्वतः काढला. दगड फेकले नाहीत. एकेक उचलून इकडेतिकडे असे ठेवले की मुळात तिथेच असावेत.

त्याचे हात फार चांगले आहेत. बांधताना होते तेवढेच.

मी पलीकडून खणायला घेतलं. काही बोलले नाही, खरंच. तरी थोड्या वेळाने तो म्हणाला, घरी जा गं. रागाने नव्हे. रागाने म्हणाला असता तर मी थांबले असते.

४ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपचं नाव बदललंय. 'पुढची टेकडी'. मी काढला होता ना ग्रुप, मग मला न विचारता कसं. पण कॅप्टन आता ॲडमिन आहे. कुठल्या तरी तळ्यामागच्या झाडीतली जागा सापडलीय त्यांना. पहिल्या फोटोत एक म्हातारा आहे, हातात फावडं, चेहरा अर्धा वळवलेला. खाली अंगठे.

तिथे लिहायला घेतलं होतं की टाच दाबून बघा. पुसलं. मग ग्रुप सोडला. 'बाहेर पडली' असं खाली आलं. कुणी का म्हणून विचारलं नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

काम संपलं. बाईंनी कुलूप लावलं. दादाने सायकल धाकट्या लिफ्टवाल्याला देऊन टाकली.

डबा घेऊन त्याच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं. तो खुर्चीत, टीव्ही चालू, आवाज बंद. सहा वाजून गेले होते. दिवा लावलेला नव्हता. मी लावला. त्याने डोळे मिचकावले, मी कोण हे जरा उशिरा लक्षात आल्यासारखं. म्हटलं, जेवलास? म्हणाला, हो. ओट्यावर कालचा डबा तसाच.

मी खूप बोलले. काउंटरवरचं, कन्येचं, नवऱ्याच्या घोरण्याचं. त्याने टिटवी म्हटलं नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

तसाच. त्याच खुर्चीत.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, त्या हाडवाल्याचंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, अगं, चूक कुणाकडूनही होते. मी म्हटलं, बरोबर, हेतू तर चांगला होता. कन्या दारात उभी होती. म्हणाली, आई, मामाला हात हवे होते असं मामा कधी म्हणाला होता?

बराच वेळ आठवून पाहिलं. म्हणाला नव्हता. पाठ दुखते एवढं म्हणाला होता. तेही मी विचारल्यावर.

२५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी

बाईंकडे निघालेय. काय म्हणायचं ते आधी इथे लिहून बघते, म्हणजे तिथे लांबण लागणार नाही. आधीच्या चार वाक्यांत लोकसहभाग होता, ती खोडली. गायीबद्दल एक होतं, तेही खोडलं. ते माझ्या तोंडून ऐकायची त्यांना गरज नाही.

त्या नाही म्हणतील. दाराशीच म्हणतील, आत या न म्हणता. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

बाई, रविवारी एक तास दादाला आत येऊ द्या. सायकल नाही, कुदळ नाही, कुणी सोबत नाही. किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, तुम्हीच उघडा, तुम्हीच लावा. तो नुसता बसेल. मी येणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर मला कळवूही नका.